पाणमांजर आणि भिंतीवरची हरिता : तुलना शिकवायची कशी?



'फरक स्पष्ट करा.' हा प्रश्न आपण लहानपणी सोडवला, डी.एड.ला त्यावर पाठ टाचणं काढली आणि आता वर्गात तोच प्रश्न मुलांना देतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे एकाचं नाव, उजवीकडे दुसऱ्याचं. खाली चार मुद्दे. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि गुण मिळवतात. यात कुणाचं काही बिघडत नाही असं वाटतं. मला मात्र वाटतं की बिघडतं. अशा तक्त्यातून मूल तुलना करायला शिकत नाही. दुसऱ्याने केलेली तुलना लक्षात ठेवायला शिकतं.

म्हणून आज एक वेगळीच जोडी तुमच्यापुढे ठेवते. पाण्यात वावरणारा सस्तन प्राणी पाणमांजर, आणि पावसाळ्यात आपल्या शाळेच्या भिंतीवर येणारी हरिता, म्हणजे मॉस. ऐकून हसू येईल. 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' असं आपण म्हणतोच. म्हणजे दूरच्या दोन गोष्टींची तुलना करू नये असं आपल्याला म्हणीतूनसुद्धा शिकवलेलं आहे.

माझं मत उलट आहे. जोडी जितकी दूरची, तितकं मुलाला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. अट एकच, तुलना सुरू करण्याआधी एक प्रश्न ठरलेला पाहिजे. ते कसं, हे याच जोडीवरून सांगते.

आधी दोघांची ओळख

आपल्या नद्यांशी ज्याचा संबंध येतो ते पाणमांजर म्हणजे मऊ, गुळगुळीत केसांची जात. शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. आशियातल्या मोठ्या पाणमांजरांपैकी हे एक. पूर्ण वाढलेल्याचं वजन साधारण ७ ते ११ किलो. बोटांमध्ये पडदे, चपटी जाड शेपूट, पाण्यात शिरताना बंद होणारे कान आणि नाकपुड्या. मुख्य अन्न मासे, शिवाय खेकडे, बेडूक वगैरे. कुटुंबाने, टोळीने राहतं. कोकणातल्या नद्या, खाड्या, खारफुटी ही त्याची राहण्यासारखी जागा. जगात या जातीची संख्या घटते आहे, म्हणून ती 'असुरक्षित' गटात नोंदलेली आहे. २०१९ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद करण्यात आला.

आता हरिता. पाठ्यपुस्तकात मॉसचं उदाहरण म्हणून येते ती फ्युनारिया. तिची फ्युनारिया हायग्रोमेट्रिका ही जात जगभर सापडते, आपल्या पश्चिम घाटातही आहे. हिरवं रोप जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचं. त्याच्या डोक्यावर २ ते ५ सेंटिमीटरची बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला खाली झुकलेली, पेरूच्या आकाराची इवलीशी कुपी. या कुपीत बीजाणू असतात. हरितेला खरी मुळं नसतात, मुळांसारखे धागे असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. फुलं नाहीत, फळं नाहीत, बिया नाहीत.

शाळेच्या भिंतीवर जी हरिता दिसते ती फ्युनारियाच असेल असं मात्र मुलांना सांगू नका. हरितेच्या हजारो जाती आहेत आणि जात ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. आपल्याला 'ही हरिता आहे' इतकं पुरे.

दोघांच्याही नावाचा घोळ

गंमत अशी की या दोघांची पहिली सारखी गोष्ट म्हणजे दोघांची नावं फसवी आहेत.

पाणमांजर हे मांजर नाही. मांजर, वाघ, बिबट्या यांच्या कुळाशी त्याचा जवळचा संबंध नाही. त्याला 'ऊद' असंही म्हणतात. आणि 'उदमांजर' म्हटलं की काही जणांच्या डोळ्यांसमोर पाण्यातला प्राणी येतो, तर काही जणांच्या डोळ्यांसमोर रात्री झाडावर, कौलांवर फिरणारा. दोन वेगळे प्राणी, एकच नाव.

हरितेचं तेच. आपण भिंतीवरच्या, विहिरीतल्या, डबक्यातल्या प्रत्येक हिरव्या थराला 'शेवाळ' म्हणतो. 'सांभाळून रे, शेवाळावरून घसरशील!' असं ओरडतो. पण पाय घसरवणारा तो बुळबुळीत थर बहुतेक वेळा शैवालाचा किंवा त्याच्यासारख्या सूक्ष्म जीवांचा असतो. हरिता मखमलीसारखी लागते. मुलांना सोपी परीक्षा देता येते. बोटाने घासलं आणि गिळगिळीत हिरवा लगदा बोटाला लागला, तर ते शैवाल. नखाने छोटा तुकडा निघाला आणि भिंगातून त्यात इवली दांडी आणि इवली पानं दिसली, तर ती हरिता. मराठी विश्वकोशात मॉससाठी 'हरिता' हा शब्द आहे. मुलांना तो आवडतो, कारण तो एखाद्या मुलीच्या नावासारखा वाटतो.

नेहमीचा तक्ता काय सांगतो?

या जोडीवर 'फरक स्पष्ट करा' असं फळ्यावर लिहिलं तर काय उत्तरं येतील, हे तुम्हालाही माहीत आहे.

१. पाणमांजर प्राणी आहे. हरिता वनस्पती आहे.
२. पाणमांजर मोठं असतं. हरिता लहान असते.
३. पाणमांजर हालचाल करतं. हरिता एका जागी राहते.
४. पाणमांजर मासे खातं. हरिता अन्न स्वतः तयार करते.

चारही उत्तरं बरोबर आहेत. चारांना चार गुण. पण पाणमांजर काढून हत्ती घाला आणि हरिता काढून गवत घाला. पहिली तीन वाक्यं तशीच बरोबर राहतात. म्हणजे या उत्तरांत ना पाणमांजर आहे, ना हरिता. मुलाने दोघांकडे एकदाही न पाहता ती लिहिली.

आता तर हे उत्तर मोबाइलवर पाच सेकंदांत मिळतं. चार काय, दहा मुद्दे मिळतात, तेही सुवाच्य. पालक प्रिंट काढून प्रकल्प वहीत चिकटवून देतात. मग मुलाने करायचं काय उरलं?

मी वर्गात एक साधा नियम ठेवते. फरक लिहिला की त्याच्यापुढे 'म्हणून' लिहायचं आणि वाक्य पुरं करायचं. 'हरिता लहान असते, म्हणून...' म्हणून काय? किंवा उलट, 'हरिता लहान असते, कारण...' इथे गाडी अडते. आणि जिथे अडते तिथूनच शिकणं सुरू होतं.

एकच प्रश्न धरायचा : पाण्याशी नातं काय?

दूरच्या दोन गोष्टी जवळ आणायच्या तर मध्ये एक खुंटी लागते. या जोडीसाठी ती खुंटी पाणी. दोघांनाही पाण्यावाचून चालत नाही. पण दोघांचा पाण्याशी व्यवहार कसा आहे? हा एकच प्रश्न धरला आणि बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवले तर काय दिसतं ते बघा.

अंगावरचं पाणी. पाणमांजराच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, खालचे दाट आणि बारीक. खालच्या दाट थरात हवा अडकून राहते. त्यामुळे ते बुडी मारून मासा धरून येतं, तरी पाणी कातडीपर्यंत सहज पोचत नाही. सस्तन प्राण्याला शरीर सतत गरम ठेवावं लागतं, आणि पाणी हवेपेक्षा फार लवकर उष्णता ओढून घेतं. म्हणून पाण्यात राहायचं तर पाणी अंगापासून लांब ठेवणं भाग आहे.

हे वर्गात दाखवायला पाणमांजर लागत नाही. अळूचं पान आणा. कोकणात ते परसदारी असतंच. पान बादलीत बुडवा. पाण्याखाली ते चांदीसारखं चमकतं, कारण पानावर हवेचा पातळ थर अडकलेला असतो. बाहेर काढा, पान कोरडंच. अळूची रचना वेगळी, पाणमांजराच्या केसांची वेगळी, पण युक्ती तीच. हवा मध्ये ठेवायची.

हरितेचं बरोबर उलटं. तिची पानं बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीची असतात. मोठ्या झाडांच्या पानावर असतो तसा मेणाचा जाड थर तिला नसतो. ती पानांवाटे, सगळ्या अंगाने पाणी पिते. म्हणून पावसाची सर आली की भिंत काही मिनिटांत हिरवीगार दिसते.

हा भाग शिकवताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे ते पाण्यात राहून कोरडं आणि ही भिंतीवर राहून ओली." या वाक्याला मी किती गुण देणार? कुठल्याही गाईडमध्ये हे वाक्य सापडणार नाही.

शरीरातलं पाणी. पाणमांजराच्या अंगात हृदय आहे, रक्तवाहिन्या आहेत. शेपटीच्या टोकापर्यंत सगळं पोचवायची सोय आहे. आंब्याच्या झाडातही पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या आहेत. हरितेत तशी पाणी वाहून नेणारी खास व्यवस्था विकसित झालेली नाही. ओलावा पृष्ठभागावरून आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत असा सरकतो. म्हणून ती उंच वाढू शकत नाही. आता ते वाक्य पुरं झालं. 'हरिता लहान असते, कारण तिच्या अंगात पाण्याचे नळ नाहीत.' नळयोजना नसलेल्या वाडीवर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाणी आटल्यावर. महाड-पोलादपूर भागात पाऊस साधारण तीन हजार मिलिमीटरच्या घरात. पण तो चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीनंतर नद्यांचे डोह तेवढे उरतात. मग पाणमांजराने काय करावं? त्याला पाय आहेत, ते पाण्यामागे जाणार. जिथे डोह आणि डोहात मासे, तिथे ते. एका पाणमांजराला दिवसाला साधारण किलोभर अन्न लागतं. म्हणजे थांबून त्याला परवडत नाही.

हरिता कुठे जाणार? ती जागेवरच थांबते. पानं आक्रसतात, रंग तपकिरी होतो, मेल्यासारखी दिसते. पण बऱ्याच हरिता पूर्ण वाळूनही जिवंत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये भिंतीवरचा असा वाळका तुकडा बशीत ठेवून वर चमचाभर पाणी घाला आणि भिंगातून पाहत राहा. आक्रसलेली पानं मुलांच्या डोळ्यांदेखत उघडायला लागतात. पाण्याची टंचाई आली की एक जण स्थलांतर करतो, दुसरा वाट बघतो. आपल्या गावांतही टंचाईत या दोन्ही गोष्टी घडतात, मुलं ते बघतात.

पुढची पिढी. हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पाणमांजर पाण्यातलं म्हणून प्रसिद्ध, पण त्याची पिल्लं काठावरच्या बिळात, कोरड्या जागी जन्मतात. जन्मतः डोळे मिटलेले. आणि त्यांना पोहता येत नाही! काही आठवडे बिळात काढल्यावर आई त्यांना पाण्यात नेते, कधी ओढूनसुद्धा, आणि पोहायला शिकवते. 'माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही' असं आपण म्हणतो, पण पाणमांजराच्या पिल्लाला शिकवावं लागतं. प्रत्येक शिक्षकाने हे वाक्य वर्गात सांगावं.

हरिता जमिनीवरची. पण तिची नवी पिढी तयार व्हायला पाणी लागतंच. तिच्या नर पेशींना दोन शेपट्या असतात आणि त्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात. पावसाचा थेंब नसेल तर भेट नाही. भेट झाली की मग वर ती दांडी आणि कुपी येते. म्हणूनच नववीच्या विज्ञानात हरितेच्या गटाला, म्हणजे ब्रायोफायटाला, वनस्पतीसृष्टीतील उभयचर म्हटलं आहे.

म्हणजे जो पाण्यातला, त्याच्या पिल्लांना कोरडी जमीन लागते. जी जमिनीवरची, तिला पुढच्या पिढीसाठी पाणी लागतं. 'जलचर' आणि 'भूचर' अशा दोन टोपल्यांत सगळे सजीव टाकायला आपण पहिल्या इयत्तांपासून शिकवतो. ते शिकवावंच लागतं. पण टोपलीत टाकून झाल्यावर पुन्हा एकदा बाहेर काढून बघायलाही शिकवलं पाहिजे. डॉल्फिनचं पिल्लू पाण्यातच जन्मतं, पाणमांजराचं जमिनीवर. दोघेही 'पाण्यात राहणारे सस्तन' या एकाच ओळीत बसतात, पण दोघांचा पाण्याशी करार वेगळा आहे.

साम्यही लिहायचं

तुलना म्हणजे फक्त फरक नव्हे. दोघेही पेशींचे बनलेले. दोघेही श्वसन करतात, दोघांनाही ऑक्सिजन लागतो. आणि शिक्षकांसाठी म्हणून सांगते, सस्तन प्राण्याचीही नर पेशी पोहतच जाते, फक्त ते पाणी शरीराच्या आत असतं. हरिता पावसाची वाट बघते, सस्तन प्राणी ती ओल सोबत घेऊन फिरतो. हे चौथीत सांगायचं नाही, पण आपल्याला माहीत असावं. मुलांचे प्रश्न आले की उत्तर कुठवर द्यायचं ते ठरवता येतं.

आणखी एक साम्य गावासाठी महत्त्वाचं आहे. दोघेही परिसराची तब्येत सांगतात. पाणमांजर नदीतल्या अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला. पाण्यात विष गेलं की ते माशांत साठतं, आणि मासे खाणाऱ्याच्या अंगात आणखी साठतं. ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या काळात शेतीतल्या डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे पाणमांजरं नदीनदीतून नाहीशी झाली. त्या औषधांवर बंदी आल्यावर ती हळूहळू परतली. हरिता तर हवेतलं जे काही असेल ते सरळ अंगाने शोषते, म्हणून युरोपात १९९० पासून ठरावीक वर्षांनी हरितेचे नमुने गोळा करून हवेतून येणारे जड धातू मोजतात. आपल्या तालुक्यात नदी आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे. नदीच्या पाण्याबद्दल आणि गावच्या हवेबद्दल प्रश्न विचारणारी मुलं आपल्यालाच घडवायची आहेत.

'हे सगळं कशासाठी?'

शिक्षण परिषदेत असा विषय काढला की जे आक्षेप येतात ते रास्त असतात. त्यांची उत्तरं द्यायला हवीत.

पहिला आक्षेप : हे अभ्यासक्रमात नाही. ही जोडी नाही, हे खरं. पण चौथीच्या परिसर अभ्यासात 'सजीवांचे परस्परांशी नाते' हा पाठ आहे. आमच्या गावाचं नावच नाते, त्यामुळे आमच्याकडे या पाठाला जरा जास्त लाड मिळतात! गमतीचा भाग सोडा. निरीक्षण करणं, वर्गीकरण करणं, कारण सांगणं या अध्ययन निष्पत्ती या एका जोडीतून साध्य होतात.

दुसरा : वेळ नाही. दोन तासिका लागतात. एक भिंतीपाशी, एक वर्गात. चार मुद्द्यांचा तक्ता फळ्यावरून उतरवून घ्यायला, तपासायला आणि पाठ करून घ्यायला यापेक्षा कमी वेळ जात नाही.

तिसरा : गुण कसे द्यायचे? फरकाला अर्धा, 'म्हणून'ला अर्धा. कारण चुकलं पण विचार दिसला, तरी वर्णनात्मक नोंदीत ते लिहा.

चौथा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो : लहान मुलं गोंधळतील. हो, कुठल्याही दोन गोष्टी समोर ठेवून 'करा तुलना' म्हटलं तर गोंधळतील. पाणमांजर आणि खुर्ची यांची तुलना करून काही हाती लागणार नाही. म्हणून तर आधी प्रश्न ठरवायचा. तिसरी-चौथीला 'अंगावरचं पाणी' आणि 'पाणी आटल्यावर' एवढेच दोन भाग पुरेत. शरीरातल्या नळ्या पाचवीनंतर. बाकीचं आणखी वरच्या वर्गात.

जवळच्या जोड्या टाकून द्या असंही मी म्हणत नाही. देवमासा आणि मासा ही तुलना करायलाच हवी, कारण तिथे नावामुळे झालेला गैरसमज काढायचा असतो. पण गैरसमज काढणं हे एक काम आणि विचार करायला लावणं हे दुसरं. दुसऱ्या कामाला दूरची जोडी जास्त उपयोगी पडते, कारण तिचं तयार उत्तर कुणाकडेच नसतं. हुशार मुलाकडेही नसतं.

वर्गातलं खरं ज्ञान कुणाकडे?

आपल्या वर्गात वाडीवरची मुलं असतात. त्यांच्या घरी नदीत मासे, खेकडे धरणं चालतं. चार मुद्द्यांच्या तक्त्यात ही मुलं मागे पडतात, कारण पाठांतराला घरी कुणी बसवणारं नसतं. पण 'डोह कुठे टिकतो?', 'खेकडा कुठल्या दगडाखाली बसतो?', 'काठावर माशाचे खवले आणि खेकड्याचे तुकडे असलेली विष्ठा कुणी पाहिली आहे का?' असे प्रश्न निघाले की हात त्यांचे वर जातात. पाणमांजरं ठरावीक जागी विष्ठा टाकतात आणि त्यात खवले दिसतात, ही त्यांची मोठी खूण. मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : हा प्राणी पाहिला होता का? कुठे? त्याला तुम्ही काय म्हणायचात? येणारं उत्तर वहीत मुलाच्या नावासह लिहून ठेवा. मागच्या बाकावरचं मूल त्या दिवशी वर्गाला शिकवतं. मला या पाठात सगळ्यात जास्त किंमत याची वाटते.

एक सूचना मात्र ठळक अक्षरात समजा. पाणमांजर शोधायला मुलांना नदीवर पाठवू नका, नेऊही नका. गांधारी असो की सावित्री, पावसाळ्यात पाणी कधी चढेल सांगता येत नाही. २०२१ च्या जुलैचा पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. शिवाय महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. पाणमांजर चित्रातून, चित्रफितीतून आणि मोठ्यांच्या आठवणीतून शिकायचं. हरिता हातात घेऊन शिकायची. एक दूरचा, एक हाताशी, हाही या जोडीचा फायदाच.

पालकांना दोन शब्द

मुलाने घरी येऊन 'भिंतीवरचं शेवाळ आणायचंय' म्हटलं तर 'घाण आहे, हात लावू नको' म्हणू नका. हात धुवायला सांगा, तेवढं पुरे. प्रकल्पासाठी प्रिंट काढून देण्याऐवजी एक प्रश्न विचारा : 'बरं, म्हणून काय?' उत्तर तुम्हाला येत नसेल तरी चालेल. दोघांनी मिळून पाहा. पावसाआधी जिथे राब भाजतात त्या जागेच्या कडेला पावसात काय उगवतं, तेही बघता येईल. फ्युनारिया जळलेल्या जमिनीवर लवकर येते, असं जगात अनेक ठिकाणी नोंदलेलं आहे. आपल्या राबाच्या कडेला येते का, हे तुमच्याच घरातलं मूल नोंदवू शकेल. दांडीला पीळ पडलेला दिसला तर तिच्यावर हलकेच श्वास सोडा. ओल लागली की दांडी फिरते. 'हायग्रोमेट्रिका' या नावाचा अर्थच ओलावा मोजणारी.

जागतिक पाणमांजर दिवस मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी असतो. तेव्हा आपल्या शाळा बंद. आणि भिंतीवरची हरिता ऐन बहरात असते तेव्हा १५ ऑगस्ट येतो आणि आपण ब्रश घेऊन भिंत खरवडतो. स्वच्छता हवीच. पायऱ्या, नळाजवळची जागा, जिथे मुलं घसरतील तिथे घासलंच पाहिजे. पण मुख्याध्यापकांना माझी एक विनंती. मागच्या बाजूची हातभर भिंत दिवाळीपर्यंत तशीच ठेवा. बाजूला खडूने चौकोन आखा आणि वर लिहा : 'इयत्ता चौथीचा अभ्यास चालू आहे.' भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी विचारलं तर उत्तर मुलांनाच देऊ द्या.



— एक प्राथमिक शिक्षिका, नाते, ता. महाड, जि. रायगड